उलटी झाली, गाणं सुरू

आपल्या सिनेमात नायिकेला उलटी एकदाच होते. ती पदर तोंडाला लावून बेसिनकडे धावते, सासूबाई डोळे बारीक करून बघतात, आणि बॅग घेतलेले डॉक्टर हजर होतात. ते तिचं मनगट धरतात आणि अभिनंदन करतात नवऱ्याचं! उलटी हिला, हात हलवून अभिनंदन त्याचं. लगेच गाणं. गाण्यात लोकरीचे मोजे विणून होतात आणि शेवटच्या कडव्याला सातवा महिना लागतो. मालिकांनी यात एकच सुधारणा केली. तोच प्रसंग त्या तीन बाजूंनी, गडगडाटासह दाखवतात.

मी बी.कॉम. असून बँकेत कारकून आहे. समीक्षा हा काही माझा प्रांत नव्हे. पण वर्षानुवर्षं व्हाउचरं तपासणाऱ्या माणसाला मधली पानं गहाळ झाली की लगेच वास येतो. इथे चांगली तीन महिन्यांची पानं गहाळ आहेत.

खरी नोंद अशी. मळमळ साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या सुमारास कळसाला पोचते आणि बहुतेकींची सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. दहातल्या सात-आठ जणींना ती गाठतेच. इंग्रजीत तिला 'मॉर्निंग सिकनेस' म्हणतात. हे नाव ठेवणारा गृहस्थ सकाळी जेवून कचेरीत जात असला पाहिजे, कारण ती दुपारी येते, संध्याकाळी येते, आणि शेजारी लसणीची फोडणी पडली तर रात्री साडेनऊलाही येते.

आपली मराठी त्या मानाने प्रामाणिक. 'डोहाळे' म्हटलं की आपल्यासमोर चिंचा-आवळे येतात. पण घरातल्या बायका 'तिला कडक डोहाळे लागलेत' म्हणतात, तेव्हा पोटात पाण्याचा घोटही ठरत नाही असा अर्थ असतो. एकाच शब्दात जमा आणि नावे, दोन्ही बाजू! सिनेमावाल्यांनी जमेची तेवढी उचलली.

तुम्ही म्हणाल, कलेत असल्या गोष्टी कुठे दाखवायच्या? संस्कृत मी शाळेत पन्नास मार्कांपुरतंच घेतलं होतं, म्हणून 'रघुवंश' भाषांतरासकट वाचलं. तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा राणीला दिवस गेलेत. कालिदास तिला मोजे विणायला बसवत नाही. तिचं अंग गळून गेलंय, चेहरा फिका पडलाय, दागिनेसुद्धा सगळे अंगावर सोसवत नाहीत. ती माती खाते. लाजेमुळे ती काही मागत नाही, म्हणून दिलीप राजा तिच्या मैत्रिणींना वरचेवर विचारतो, हिला काय हवंय? कोसल देशाचा राजा हा! आमच्याकडे साधा हेडक्लार्क घरी विचारत नाही. आणि या अवस्थेला कवी चक्क 'व्यथा' म्हणतो. आनंदाची बातमी म्हणत नाही. ती व्यथा पार केल्यावरच राणी पुन्हा भरू लागते. तक्रार एकच. ते पार करणं त्यानं अर्ध्या ओळीत उरकलं. राणीला ते किती दिवस लागलं असेल, हे कुणी विचारलेलं नाही.

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त तर पहिल्याच अंकात सीता वनात जायचे डोहाळे सांगते, आणि ते पुरवण्याच्या निमित्ताने तिला रथात बसवून वनात सोडतात. तात्पर्य, बाईला काय हवं ते विचारणं ठीक, पण विचारणाऱ्याची नियतही बघावी लागते.

आता आमच्या काउंटरकडे या. आमच्या शाखेत एक बाई कॅशला बसत. जुन्या, घामट, चार महिने कुणाच्या कनवटीला राहिलेल्या नोटांचा वास कसा असतो, हे ज्याने मोजल्या त्यालाच ठाऊक. बाईंच्या ड्रॉवरमध्ये कुरमुरे, कोरडी बिस्किटं आणि अर्धं लिंबू. दर तासाला त्या उठत. रांगेतून आवाज, "अहो, काउंटर किती वेळा बंद करता?" साहेबांच्या कपाळाला आठी. बाई गप्प. कारण तीन महिने पुरे होईपर्यंत सांगायचं नाही, अशी आपली रीत.

सिनेमाचा खोटेपणा नेमका इथे आहे. पडद्यावर पहिली उलटी म्हणजे गावभर दवंडी, आणि प्रत्यक्षात पन्नासावी उलटीही पित्ताच्या नावावर खपवायची. ज्या तीन महिन्यांत मदत हवी, तेच तोंड बंद ठेवायचे. बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे झाली, हे उत्तम. पण तारखेआधी त्यातले जास्तीत जास्त ८ घेता येतात, आणि मळमळ तोवर बहुधा येऊन गेलेली असते. डोहाळजेवणही सातव्या महिन्यात. तोंडाला चव आल्यावर पंचपक्वान्नं! खरा सोहळा तिसऱ्या महिन्यात करावा. पाच सवाष्णींनी यावं, घरात फोडणी पडू देऊ नये, सुंठेची वडी हातावर ठेवून हळूच निघून जावं.

यावर वडीलधारं समीक्षण ठरलेलं असतं : "आम्ही नाही का काढलं? मनावर घेऊ नये." पण डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात संशोधन आलंय. जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक गर्भाकडून आईच्या रक्तात येतं आणि तिच्या मेंदूपर्यंत पोचतं. जिच्या अंगात ते आधी कमी असतं, तिला त्याचा तडाखा जास्त. तेव्हा 'मनावर घेतलंय' हा शेरा रद्द.

गोळीची भीती मात्र बिनबुडाची नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विकायला आलेलं थॅलिडोमाइड मळमळीवरही दिलं गेलं. १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत जगभरात हजारो मुलांच्या हातापायांवर त्याची किंमत वसूल झाली होती. म्हणून आपल्या मनाने काही घेऊ नये. पण याचा अर्थ 'सोस' असा होत नाही. ब-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामाइन ही बरीच वापरून झालेली जोडी डॉक्टर देऊ शकतात. दिवसभर पाणीही ठरेना, लघवी कमी आणि गडद होऊ लागली, वजन घटलं किंवा उभं राहताच चक्कर आली, तर ते नुसते कडक डोहाळे समजून आलेपाकाची वाट बघू नये. तडक दवाखाना गाठावा. सलाइन लावावं लागतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दिग्दर्शक मंडळींना मी एवढंच सुचवीन. पुढच्या चित्रपटात नायिकेला दुसरी उलटी होऊ द्या. मग तिसरी. कॅमेरा नवऱ्याच्या चेहऱ्यावर नेऊ नका, बेसिनपाशीच ठेवा, आणि त्या बाप्याला पाण्याचा तांब्या घेऊन तिथे उभा करा. गाणं दोन मिनिटं उशिरा लागलं तरी चालेल. आम्ही बसू.