परदेश आणि भाषेची ओढ

परदेशी गेलं की भाषा आपोआप येते, हा समज मला पटत नाही. ठाणे-डोंबिवलीची मुलं जर्मनीसाठी जर्मन शिकतात, परीक्षाही देतात. पण तिथे अभ्यासक्रम इंग्रजीत आणि खोलीतले सोबती मराठी असले, की जर्मन मागे पडते. गरज संपली, की शिकणंही संपतं.

आता कल्याणच्या आनंदीबाई जोशी बघा. इंग्रजीची सुरुवात नवऱ्याच्या धाकाने झाली. पण १८८३ साली, अमेरिकेला निघण्याआधीच, बंगालमधल्या सेरामपूरला त्यांनी आपण का जातोय हे इंग्रजीतून जाहीरपणे सांगितलं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. धाकाने सुरू झालेली भाषा स्वतःच्या हेतूने टिकली.

म्हणून मुलांना परीक्षेचे गुण विचारण्याआधी विचारा: तिथल्या माणसांशी तुला काय बोलायचंय?