सुट्टीत वाचलेली तीन पुस्तके

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारखीचे मराठी वाचन तसे उशिराच सुरू झाले. यंदाच्या उन्हाळी सुट्टीत तीन पुस्तके वाचून संपवली. त्यांविषयीचे माझे प्रामाणिक मत मांडते.

डेप्युटी नझीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' (1869) पुन्हा वाचली. समंजस असगरी आणि फूहड अकबरी या दोन बहिणींची ही गोष्ट. दिल्लीच्या घरांतली भाषा फार गोड. पण लेखकाची सारी माया असगरीवर. अकबरीच्या मनात तो डोकावत नाही. वर्गात मीही मुलींना 'असगरी व्हा' असेच सांगत आले. मागच्या बाकावरच्या अकबरीकडे माझे लक्षच गेले नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' याच्या अगदी उलट. त्या स्वतःच्या फजितीवर मनमोकळे हसतात. पतीने 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हाची त्यांची तडफड वाचताना मात्र डोळे भरून आले.

हमीद दलवाईंची 'इंधन' (1965) ही कोकणातल्या गावाची कादंबरी. लेखक आपल्या माणसांनाही सूट देत नाही. याचा आधी राग आला, मग आदर वाटला.

तिन्हींत 'स्मृतिचित्रे' मला सर्वांत जवळचे. शाळा उघडली की त्यातला एखादा प्रसंग मुलींना उर्दूत सांगणार आहे. मागच्या बाकाजवळ उभी राहून.