प्रसिद्धी नाही, रिकामा वेळ

संशोधनाला लागायच्या आधी एक सवय लावून घ्या. एखादी गोष्ट आपल्याला आवडते, तेव्हा ‘चांगली आहे का?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवायचा आणि ‘नेमकं काय ओढतंय?’ हे विचारायचं. पहिलं सुचलेलं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. माझं ‘आँटुराज’बद्दल असंच झालं.

एचबीओवर २००४ ते २०११ या काळात या मालिकेचे आठ सीझन, ९६ भाग आले. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचा व्हिन्सेंट चेस हॉलिवूडचा स्टार होतो आणि लहानपणीचे दोस्त सोबत लॉस एंजेलिसला घेऊन जातो. पिझ्झाच्या दुकानात मॅनेजर असलेला एरिक आता त्याचा मॅनेजर, टर्टल गाडी चालवणार, सावत्र भाऊ ड्रामा स्वयंपाक करणार. निर्माता मार्क वॉलबर्गच्या स्वतःच्या दिवसांवरून ही कल्पना निघाली.

आता सोपं उत्तर: पैसा, बंगला, पार्ट्या, म्हणून आवडते. तपासून बघा. तसं असतं तर सगळ्यात झगमगीत प्रसंग सगळ्यात जास्त लक्षात राहायला हवे होते. माझ्या तरी ते राहत नाहीत. लक्षात राहतो तो ड्रामा. आणि गंमत म्हणजे लेखकांनी आपल्याला कंट्रोल फुकटात दिलाय! एकाच घरातले दोन भाऊ, धंदा एकच. एकाला प्रसिद्धी मिळाली, दुसरा जुन्या ‘व्हायकिंग क्वेस्ट’च्या आठवणींवर जगतोय, ऑडिशन देतोय, पडतोय. फरक फक्त प्रसिद्धीचा, आणि जीव लागतो तो प्रसिद्धी नसलेल्याला. (ड्रामाचं काम करणारा केविन डिलन हा खऱ्या आयुष्यात मॅट डिलनचा धाकटा भाऊ. हे कळल्यावर ते प्रसंग जरा बोचतात.)

मग ओढतं काय? माझ्या मते, रिकामा वेळ. चार मोठी माणसं सकाळी एकत्र नाश्ता करतात, मग गाडीत बसून उगाच कुठेतरी जातात, वाटेत एकमेकांची खेचतात. कुणाला ‘कधी भेटू या’ असं विचारावं लागत नाही. हॉस्टेल सुटल्यावर हे पहिलं संपतं. पीएचडीच्या चौथ्या वर्षी तर मैत्रिणीशी फोनवर बोलायलाही आठवडाभर आधी ठरवावं लागतं. ती मालिका मी स्टार व्हायला नाही, त्या मागच्या सीटवर बसायला बघत होते.

पण इथे थांबलो तर आपण फक्त चाहते. कारण तो रिकामा वेळ कुणीतरी विकत घेतलेला आहे. घर व्हिन्सचं, गाडी व्हिन्सची, पोट व्हिन्सच्या कमाईवर. अशा मैत्रीत ‘नाही’ कोण म्हणणार? सातव्या सीझनमध्ये व्हिन्स ड्रग्जमध्ये बुडतो, दोस्त त्याला समोर बसवून समजावू पाहतात आणि त्यांचं काही चालत नाही. मालिका पहिल्यांदाच स्वतःच्या मुळाशी जाते. आठव्याच्या सुरुवातीला तो नव्वद दिवसांचा उपचार संपवून हसत बाहेर! पुरावा समोर असताना निष्कर्ष टाळला, असं मी याला म्हणेन.

दुसरा आक्षेप जास्त जवळचा. या जगात बायका बहुतेक वेळा सजावट आहेत. एजंट अ‍ॅरी गोल्ड हे मालिकेतलं सगळ्यात जिवंत पात्र. जेरेमी पिव्हनला त्यासाठी २००६, २००७ आणि २००८ असे सलग तीन एमी मिळाले. त्याच्या बायकोला मात्र जवळपास शेवटच्या सीझनपर्यंत नाव नाही. ती ‘मिसेस अ‍ॅरी’. लेखक विसरले म्हणावं तर इतकी वर्षं कुणी विसरत नाही. असिस्टंट लॉइडवरचे अ‍ॅरीचे वांशिक आणि समलिंगींवरचे विनोद मी पहिल्यांदा पाहताना हसले होते, दुसऱ्यांदा पुढे ढकलले.

तर त्या मागच्या सीटवर मला कुणी बसवलंच नसतं, हे मला माहीत आहे. तरी ओढ खरी होती. माझ्या टिपणांत दोन्ही वाक्यं एकाखाली एक आहेत. मी अजून एकही खोडलेलं नाही.