पांडुरंगचं कोण ऐकतं?

इंजिनियरिंगच्या होस्टेलवर ‘कोसला’ दोन वाटांनी पोचते. एक, कुणा सीनियरच्या खोलीतून, कव्हर निघालेली. दुसरी, इन्स्टाग्रामवरून, काळ्या पार्श्वभूमीवरच्या चार पांढऱ्या ओळी होऊन. कुठूनही आली तरी तिच्याबरोबर एक समजूत येते, की ही बंडखोर पोराची कादंबरी आहे. कॉलेज, करियर, घर, सगळ्याला फाट्यावर मारणारा पांडुरंग सांगवीकर म्हणजे आपला माणूस.

मला ती बंडाची कादंबरी वाटत नाही. खूप बोलायचं असलेल्या एका मुलाला कॉलेजात सगळं मिळतं, फक्त ऐकणारं माणूस मिळत नाही, त्याची ही कादंबरी आहे. आज आपण कॉलेजच्या पोरांना ‘स्वतःचा आवाज शोधा’ असं उठसूट सांगतो. तेव्हा ‘कोसला’ या बाजूनं वाचायला हवी असं मला वाटतं.

कादंबरी आली १९६३ साली, पुण्याच्या देशमुख आणि कंपनीकडून. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. त्यांचं गाव सांगवी, यावल तालुक्यातलं. मी भडगावचा. जिल्हा एकच, जळगाव. पण यावल तापीकडचं आणि आम्ही गिरणाकाठचे. त्यांच्याकडे लेवा गणबोली, आमच्याकडे अहिराणी. तरी पुण्याला शिकायला निघालेल्या पोराच्या बॅगेत आई काय काय भरते आणि बाप पैसे देताना काय काय ऐकवतो, हे दोन्हीकडे सारखंच.

पांडुरंग पुण्यात पहिल्यांदा जे करतो ते बघा. तो अजिबात कोपऱ्यात बसत नाही. वादविवाद मंडळात जातो, गॅदरिंगच्या उलाढालींत पडतो, होस्टेलची मेस चालवायला घेतो. आजच्या भाषेत बोलायचं तर लीडरशिप, कम्युनिकेशन, टीमवर्क, इव्हेंट मॅनेजमेंट, सगळ्यावर टिक. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या कुठल्याही सरांनी त्याला स्टेजवर बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. आणि तरी हा मुलगा आतून रिकामा होत जातो. मेस अंगाशी येते, पैसे बुडतात, अभ्यास हातचा जातो, शेवटी तो गावी परततो.

कॉलेजनं त्याला व्यासपीठ भरपूर दिलं. पण व्यासपीठावर ठरलेलं बोलावं लागतं. वादविवादात विषय दिलेला असतो, बाजू दिलेली असते, घंटाही दिलेली असते. तिथं आवाज मोठा होतो, पण तो स्वतःचा होईलच असं नाही. पांडुरंगला स्वतःचं बोलता येतं ते रात्री मित्राबरोबर भटकताना, डायरीत, आणि अखेर या सगळ्या कादंबरीभर. म्हणजे कॉलेजच्या वेळापत्रकाबाहेर.

आता त्या बोलण्याकडे येऊ. ‘कोसला’ न वाचलेल्यांनाही त्यातले दोन शब्द माहीत असतात, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. पोरं ते स्टाइल म्हणून वापरतात. मला त्यांचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘उदाहरणार्थ’ हा खरं तर मास्तरांचा शब्द. आधी नियम, मग उदाहरण. पांडुरंग नियम सांगतच नाही, सरळ ‘उदाहरणार्थ’वर येतो. त्याच्याकडे सिद्धांत नाही, फक्त त्याच्यासोबत घडलेलं आहे. ‘वगैरे’ हा तर वाक्य पुरं न करण्याचा परवाना. ज्या वाक्याचा शेवट सगळ्यांना आधीच माहीत आहे, म्हणजे आईवडिलांचे कष्ट, देशाचं भवितव्य, तरुणांची जबाबदारी, ते वाक्य तो ‘वगैरे’वर सोडून देतो. उसनी भाषा जिथं सुरू होते तिथं तो थांबतो. स्वतःचं काय ते अजून ठाऊक नाही, पण हे आपलं नाही एवढं त्याला कळलंय. आतला आवाज सुरुवातीला बहुधा असाच असतो, नुसता नकार देणारा.

पण नकारावर भागत नाही, हेही नेमाडे दाखवतात. धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं जाते. या मृत्यूपुढे ‘वगैरे’ची युक्ती चालत नाही. इथं पांडुरंगला थट्टेच्या आड लपता येत नाही. घरच्यांवरचा राग आणि मनीवरची माया एकमेकांत मिसळून येतात. माझ्या मते कादंबरीतला त्याचा सगळ्यात स्वतःचा आवाज हा आहे. इन्स्टाग्रामवर मात्र तो क्वचितच दिसतो, कारण या पानांतून चार ओळी कापून काढता येत नाहीत.

आमच्या कंपनीत फ्रेशर्सच्या मुलाखतींना मला अधूनमधून बसवतात. पहिला प्रश्न ठरलेला, स्वतःबद्दल सांगा. उत्तरही ठरलेलं, ‘मायसेल्फ अमुक, माय स्ट्रेंथ इज हार्डवर्क, माय हॉबी इज लिसनिंग म्युझिक.’ हल्ली इंग्रजी सुधारलंय, कारण ते चॅटजीपीटीनं लिहून दिलेलं असतं. पण पाच जणांची उत्तरं ऐकली की कोण कुठला ते कळेनासं होतं. मग मी विचारतो, तुझ्या गावात पाणी किती दिवसांनी येतं? किंवा, प्रोजेक्ट करताना सगळ्यात जास्त डोकं कशानं खाल्लं? तेव्हा माणूस बोलायला लागतो, अडखळत आणि अर्ध्या वाक्यांत. खान्देशातलं कुणी असलं आणि मी ‘मी भडगावना शे’ म्हटलं, की समोरचे खांदे खाली येतात. मुलं मुकी नसतात. त्यांना आजवर ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच छापलेलं आहे तेवढाच प्रश्न विचारलेला असतो.

आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे, रबर डक डीबगिंग. कोड अडला की टेबलावर रबराचं बदक ठेवायचं आणि त्याला एकेक ओळ समजावून सांगायची. सांगता सांगता चूक आपल्यालाच दिसते. बदक हुशार नसतं. ते मध्ये तोंड घालत नाही, एवढाच त्याचा गुण. पोरांना सल्ला देणाऱ्यांमध्ये हा गुण फार दुर्मीळ आहे. ‘कोसला’च्या वाचकाला नेमाडे नेमकं या बदकाच्या जागी बसवतात. पांडुरंग आपल्याला शेकडो पानं सांगत राहतो आणि आपल्याला त्याला काहीच सुचवता येत नाही.

इथवर ‘कोसला’ची बाजू झाली. पण तिच्याशी माझं एक भांडणही आहे. पांडुरंगला नापास व्हायला परवडतं. घरी शेती आहे, गावात वजन असलेला बाप आहे, पुण्याला पैसे येत राहतात. सगळं बुडाल्यावर परत जायला घर आहे. भडगावहून रोज एसटीनं पाचोऱ्याला किंवा चाळीसगावला कॉलेजला जाणाऱ्या मुलीचं तसं नाही. ती एका वर्षी नापास झाली तर तिचा आत्मशोध सुरू होत नाही, स्थळं बघणं सुरू होतं. शेतमजुराच्या मुलाची स्कॉलरशिप अडकते. स्वतःला हरवून मग शोधायला वेळ आणि पैसा लागतो, हा खर्च कादंबरी नोंदवते पण त्यावर फार थांबत नाही. आणि मुलींचं आतलं बोलणं तर या कादंबरीत जवळपास ऐकूच येत नाही. मनीसुद्धा आपल्याला पांडुरंगच्या दुःखातूनच दिसते. म्हणून ‘कोसला’ कुणाच्या हातात देऊन ‘असा शोध घे’ म्हणणं मला अर्धवट वाटतं. ज्यांना हरवून चालणार नाही त्यांनी काय करायचं?

खान्देशातच याची आणखी दोन उदाहरणं आहेत, पांडुरंगच्या आधीची.

पहिलं अमळनेरचं. साने गुरुजी १९२४ साली तिथल्या हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत तिथं राहिले. मुलं शाळेतली, कॉलेजातली नव्हेत, पण घर सोडून छात्रालयात राहणारी. गुरुजी त्यांच्यात राहिले, त्यांची धुणीभांडीही केली, आणि त्यांच्यासाठी हातानं एक ‘छात्रालय दैनिक’ लिहीत राहिले. रोज! पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढलं. आज कुठलं कॉलेज पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी एवढं करील? तरीही या दैनिकात लिहिणारा हात गुरुजींचा होता. मुलं वाचणारी. तो आवाज प्रेमाचा होता, पण एकाच माणसाचा. पांडुरंग त्या छात्रालयात असता तर त्याला कुणीतरी जवळ घेतलं असतं हे नक्की. त्याला ‘वगैरे’ म्हणू दिलं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

दुसरं उदाहरण बहिणाबाई चौधरींचं. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, शेतात आणि जात्यावर ओव्या रचणाऱ्या. त्यांच्या आवाजाला कुणाच्या मार्गदर्शनाची गरज नव्हती. त्यांना मिळाला तो टिपून घेणारा. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी आईची गाणी तिच्याच बोलीत उतरवून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. नंतर ती वही आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. सोपानदेव स्वतः कवी होते. आईच्या ओळी ‘शुद्ध’ करायचा मोह त्यांना सहज झाला असता. त्यांनी तो आवरला, म्हणून आपल्याला बहिणाबाई मिळाल्या.

या तिघांना शेजारी ठेवलं की काही गोष्टी दिसतात. गुरुजींकडे जवळीक आहे, पण बोलणारा एकच. पांडुरंगकडे बोलणं आहे, पण ऐकणारा नाही. सोपानदेवनी मात्र ऐकलं, जसंच्या तसं लिहिलं आणि बोलणारीला बदललं नाही. कॉलेजातल्या पोराला मदत करायची म्हणजे काय, याचं मला सापडलेलं सगळ्यात नेमकं उत्तर हे तिसरं आहे.

आपण करतो ते मात्र उलट. एआयसीटीईनं इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम आणला, त्यात मानवी मूल्यांवर गटचर्चा ठेवल्या. कल्पना चांगली आहे. पण मूल्यांची पीपीटी तयार असली की चर्चेचा शेवटही तयार असतो, आणि अठरा वर्षांचं पोर तो शेवट पाच मिनिटांत ओळखतं. भाषेचंही तसंच. आपल्या भागातल्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. त्या नावाखाली शिकणाऱ्या किती मुलांना वाटतं की घरची अहिराणी किंवा गणबोली वर्गात, वहीत, निबंधात आणायची असते? ती बोली बसस्टँडवर सोडून मूल वर्गात येतं, आणि मग आपण त्याला स्वतःचा आवाज शोधायला सांगतो.

नेमाड्यांनी पुढे टेबलाची दुसरी बाजूही लिहिली. १९७५ च्या ‘बिढार’पासून ‘जरीला’, ‘झूल’मध्ये चांगदेव पाटील हा कॉलेजातला प्राध्यापक आहे, गावोगावच्या कॉलेजांतून फिरणारा. पांडुरंगनंतर चांगदेव वाचला की कळतं, ऐकणारा का मिळत नाही ते. संस्थाचालक, जातीची गणितं, नोकरीची असुरक्षितता यांत शिक्षकाचा स्वतःचाच आवाज जिथं टिकत नाही, तिथं तो दुसऱ्याचा कसा ऐकणार? आज तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. म्हणून सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणं मला पटत नाही.

तरी छोटी कामं उरतातच. महिन्यातून एकदा, ज्याला मार्क नाहीत असं एक पान, कुठल्याही बोलीत. विषय ‘माझी ध्येये’ नको. ‘आमच्या घरात शेवटचं भांडण कशावरून झालं’ चालेल. शिक्षकानं त्यावर लाल पेन चालवायचा नाही, खाली फक्त एक खरा प्रश्न लिहायचा. जे लिहीत नाहीत त्यांचं सोपानदेवसारखं कुणी टिपून घ्यावं. फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे, रेकॉर्डिंगचं बटनही. एसटीतल्या त्या मुलीला यासाठी वर्ष बुडवावं लागणार नाही, अर्धा तास पुरेल.

‘कोसला’ म्हणजे कोष. आतली अळी बाहेरून कापून मोकळी करायला गेलं तर ती मरते, हे शाळेतल्या विज्ञानातही शिकलोय. पण कोषाला लटकायला फांदी लागते. पांडुरंगला ती मिळाली नाही, त्यानं ती वाक्यांची करून घेतली, आणि ते त्याला महाग पडलं. हे पुस्तक पुढच्या वेळी कुणाला द्याल तेव्हा त्यातली ओळ स्टेटसला ठेवायला सांगू नका. वाचून झाल्यावर त्याला किंवा तिला विचारा, तुझं काय चाललंय? आणि उत्तर ‘वगैरे’पाशी आलं तरी थोडं थांबा.