स्टेज कोणाचे, बिदागी कोणाला?

वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता ‘गोधड’ (१९८७) या संग्रहातली. आदिवासी कवितेवरचा लेख तिच्या उल्लेखावाचून सहसा पुरा होत नाही. कविता लहान आहे. दुसरेच लोक व्यासपीठावर उभे राहून आदिवासींचे दुःख सांगतात आणि ज्यांचे ते दुःख, ते खाली बसून ऐकतात, अशी तिची मांडणी. समीक्षेने तिचा अर्थ आवाजाच्या अंगाने लावला: कोण कोणाच्या वतीने बोलतो? हा अर्थ खरा आहे. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या ढोलकऱ्यांमध्ये आणि सोंगाड्या पार्ट्यांमध्ये वीसेक वर्षे हिंडल्यावर मला ही कविता कामाच्या अंगानेही वाचावीशी वाटू लागली. स्टेज उभारायला पैसे लागतात. मंडपवाल्याचा दर ठरलेला असतो, ध्वनिक्षेपकवाल्याचा ठरलेला असतो, निवेदकाचे पाकीटही ठरलेले असते. त्या स्टेजवर नाचणाऱ्याचा दर मात्र बहुतेक वेळा ठरवलेलाच नसतो.

असे वाचण्याला कवितेबाहेरचा आधारही आहे. सोनवणे हे शहाद्याच्या श्रमिक संघटनेतून घडलेले कवी. ही संघटना १९७२ मध्ये उभी राहिली, ती अंबरसिंग सुरतवंती यांनी जागवलेल्या भिल्लांच्या लढ्याच्या पाठीवर. गेलेल्या जमिनी परत मिळवणे, शेतमजुराची मजुरी, सालदाराचे साल हे तिचे विषय होते. म्हणजे मजुरीचा हिशेब मांडायला शिकलेल्या माणसाची ही कविता आहे. चळवळीच्या स्वतःच्या स्टेजकडेही तो त्याच नजरेने पाहतो. आपल्या समीक्षेने कवितेतली वेदना घेतली आणि हिशेब संघटनेच्या दप्तरात ठेवून दिला.

हा हिशेब कलावंतांनी जगात इतरत्र उघडपणे मांडला आहे. कॅनडातल्या चित्रकारांनी १९६८ मध्ये ‘कारफॅक’ ही संघटना काढली. चित्र विकले जावो न जावो, ते प्रदर्शनात लावले तर त्याचे मानधन द्या, ही तिची मागणी होती. वीस वर्षांनी, १९८८ मध्ये, प्रदर्शनाचा हक्क तिथल्या कॉपीराइट कायद्यात आला. न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली कलावंतांनी स्वतःला ‘आर्ट वर्कर्स’ म्हणवून घेतले आणि संग्रहालयांपुढे मागण्या ठेवल्या. त्याच शहरात २००८ मध्ये ‘वेज’ हा गट निघाला, त्याचा सगळा भर मानधनाच्या किमान दरावर. फ्रान्समध्ये रंगकर्मींना बेकारी भत्ता मिळतो. त्यासाठी वर्षाला ५०७ तासांचे काम दाखवावे लागते. त्या नियमांना कात्री लागली तेव्हा, २००३ मध्ये, कलावंतांनी संप केला आणि आविन्यॉंचा नाट्यमहोत्सव रद्द झाला.

या सगळ्यांच्या मुळाशी ‘कलावंत कोण?’ हा प्रश्न आहे. युनेस्कोने १९८० मध्ये बेलग्रेड येथे कलावंतांच्या दर्जाविषयी एक शिफारस संमत केली. तिच्यातली व्याख्या उदार आहे. कलानिर्मिती ज्याच्या जगण्याचा आवश्यक भाग आहे, तो कोणाच्या नोकरीत असो वा नसो, कलावंतच. या व्याख्येत आमचा ढोलकरी सहज बसतो. मात्र तिच्यात आणखी एक अट आहे: त्याने कलावंत म्हणून ओळखले जाण्याची मागणी केलेली असावी किंवा तशी ओळख त्याला मिळालेली असावी. इथे आमचे घोडे अडते. सोंगाड्या पार्टीत रात्रभर बाईचे सोंग वठवणारा गडी सकाळी स्वतःला कलावंत म्हणवत नाही. दिवाळीनंतर तो मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातो, उन्हाळ्यात परततो, तेव्हा लग्नसराईत पार्टी पुन्हा उभी राहते. ५०७ तास त्याचेही भरत असतील, पण मोजणार कोण आणि कोणत्या वहीत?

‘उचल’ हा शब्द तमाशातही आहे. फडमालक हंगामाआधी कलावंतांना उचल देतो आणि ती फिटेपर्यंत त्यांना बांधून घेतो. ऊसतोडीचा आणि फडाचा कारभार एकाच शब्दावर चालतो, हे अभ्यासकांनी पुरेसे मनावर घेतलेले नाही. त्यामुळे जुनी जत्रा म्हणजे कलावंतांचे सोन्याचे दिवस, असे मी म्हणणार नाही. तरी एक फरक नोंदवतो. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो. अशा यात्रेत लोकनाट्याचा तंबू फडाचा असतो, दारावरचे तिकीट फडाचे असते. खेळ पडला तर तोटा त्यांचा, रंगला तर गल्ला त्यांचा. अलीकडच्या वर्षांत त्याच यात्रेला ‘चेतक फेस्टिव्हल’ची जोड मिळाली, पर्यटकांसाठी मुक्कामाचे तंबू आले. यात्रेचा असा महोत्सव होतो, तेव्हा कलावंत पाहुण्यांच्या करमणुकीचा एक ‘आयटम’ होऊन येण्याची शक्यता वाढते. स्टेज दुसऱ्याचे, वेळ दुसऱ्याची, प्रेक्षकही दुसऱ्याने आणलेले.

शहरात हीच गोष्ट घरभाड्यातून दिसते. गिरणगावात तमाशाची थिएटरे होती, कारण पाळी संपवून येणारा प्रेक्षक चालत येण्याच्या अंतरावर राहत होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले, आणि तो प्रेक्षकच तिथून उठला. लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स या कामगार वस्तीत २०१६ च्या सुमारास रहिवासी नव्या कलादालनांविरुद्ध उभे राहिले. दालने आली की जागांचे भाव चढतात आणि आपल्याला वस्ती सोडावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. कला ही भाव वाढवणारी वस्तू झाली की मूळ माणूस परवडेनासा होतो. आमच्याकडे जागेऐवजी स्टेजचा भाव वाढतो, एवढाच फरक.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे: आदिवासींची कला हा त्यांचा धर्म आहे, तिला दर लावू नका, ती नासेल. आक्षेप घेणारे बहुधा सद्‌भावनेने बोलतात. त्यांना मी अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीकडे बोट दाखवतो. तिथे मोरपिसांचे टोप घालून, कमरेला घुंगरू बांधून नाचणारे बावा-बुध्या नवस म्हणून पाळणूक करतात, जमिनीवर झोपतात, पथ्ये पाळतात. ते नाचणे विकाऊ नाही आणि त्याची मजुरी कोणी मागत नाही. पण त्याच माणसांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या उद्‌घाटनाला, मंत्र्यांच्या स्वागताला, दहा मिनिटांसाठी बोलावले, तर ते काम आहे. कामाला दाम हवा. कोणता नाच नवसाचा आणि कोणता कामाचा, हे ठरवण्याचा हक्क नाचणाऱ्याचा. परदेशातल्या संघटनांनी दराची भाषा दिली, पण स्टेजवर न चढण्याच्या या हक्काचा विचार त्या भाषेत कमी आहे. ‘स्टेज’ कवितेत तो आहे, असे मला वाटते, कारण त्या कवितेला खुर्ची नको आहे. स्टेज कोणाचे, हे तिला विचारायचे आहे.

आता माझा स्वतःचा हिशेब. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातल्या चर्चासत्रात मी सोंगाड्या पार्टीच्या गाण्यांवर निबंध वाचला. शाल, श्रीफळ आणि दोन हजारांचे पाकीट मिळाले. ज्यांच्या अंगणात चार रात्री बसून मी ती गाणी ध्वनिमुद्रित केली होती, ते ढोलकरी बाबा मागच्या रांगेत बसले होते. त्यांना मीच हौसेने नेले होते. घरी परतल्यावर ‘स्टेज’ पुन्हा वाचली आणि त्या कवितेत मी कुठे उभा आहे ते कळले.

दुसऱ्या आठवड्यात निम्मे पैसे घेऊन त्यांच्याकडे गेलो.

“हे कशाचे?” त्यांनी विचारले.

“तुमच्या वाजवण्याचे, बाबा.”

“तिथे मी कुठे वाजवले? तिथे तर तुम्ही बोललात.” मग थोडे थांबून म्हणाले, “भाऊ, पैसे राहू द्या. त्या चार रात्री मी वाजवले, एवढे कागदावर लिहून द्या. मानधनाच्या अर्जाला लावतो.”

राज्य शासनाची वृद्ध कलावंतांच्या मानधनाची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. पूर्वी तिच्यात राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा तीन प्रतवाऱ्या होत्या. दरमहा ३१५०, २७०० आणि २२५० रुपये. २०२४ पासून सरसकट ५००० रुपये झाले, ही चांगली गोष्ट. पण अर्जाला कामाचे पुरावे लागतात: कात्रणे, प्रमाणपत्रे, निमंत्रणपत्रे. आयुष्यभर लग्नांत आणि होळ्यांत वाजवणाऱ्याकडे यातले काय असणार?

मी लिहून दिले. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “तुमच्याकडे शिक्का नाही का?”

माझ्याकडे शिक्का नाही. मी कोणत्या संस्थेचा नाही, पदवीचाही नाही. ज्यांच्याकडे शिक्का आहे, ते महोत्सव, महाविद्यालये आणि मंडळे या कलावंतांना दरवर्षी बोलावतात. त्यांनी प्रत्येक वेळी प्रत्येकाच्या नावाचे पत्र द्यावे: तारीख, काम, ठरलेली आणि दिलेली रक्कम, खाली सही-शिक्का. चित्रीकरण करणार असतील तर तेही त्यात लिहावे. याला नवा कायदा लागत नाही, आंदोलनही लागत नाही. बाबांचा अर्ज अजून तसाच आहे.