रिळाच्या गावकुसाबाहेर

गेल्या महिन्यात शिरवळच्या आपल्या विहारात आम्ही सात-आठ जणांनी चादर ताणून 'ऑलिंपिया' पाहिला. लेनी रिफेनश्टाल ह्या जर्मन बाईनं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवर काढलेला दोन भागांचा माहितीपट. मी रात्रपाळी उरकून आलेलो, केसांत अजून कापूस. वाटलं, पाच मिनिटांत झोप लागणार. उलट झोप उडाली. खोटं कशाला बोलू, बाईला सिनेमा येत होता. मैदानात खड्डे खणून त्यात कॅमेरावाले उतरवले, म्हणजे उडी मारणारा गडी खालून आभाळाएवढा दिसावा. सूर मारणारे तर शेवटी शेवटी पाण्यात पडतच नाहीत, ढगांत उडत जातात. ग्रीक देवळांचे पडके खांब, दगडी पुतळा, आणि बघता बघता त्या पुतळ्याचा जिवंत थाळीफेकपटू होतो. काटा आला अंगावर.

दिवा लावला तसा आमच्यातला एक दोस्त म्हणाला, "ह्यात प्रचार कुठाय राव? काळा ओवेन्स जिंकताना दाखवलाय की. हिटलरची बाई असती तर तिनं तेवढं रीळ कापून टाकलं नसतं का?"

सगळे गप्प. मी पण गप्प. रिंगखात्यात तुटलेले धागे सांधता सांधता आठ दिवस हाच प्रश्न डोक्यात. म्हणून हे लिहितोय. परीक्षण म्हणा, नाहीतर त्या दोस्ताला उशिरा दिलेलं उत्तर म्हणा.

आधी पैसा बघा. मी कामगार आहे, मला पहिल्यांदा पैसाच दिसतो. बाईनं जन्मभर सांगितलं की सिनेमा माझा, माझ्या कंपनीचा. ती कंपनी दाखवायची होती. पैसा गोबेल्सच्या प्रचारखात्यातून येत होता, कंपनीच्या नावावर फिरवलेला. पहिला खेळ लागला २० एप्रिल १९३८ ला, हिटलरच्या वाढदिवशी. महिन्याभरापूर्वीच त्यानं ऑस्ट्रिया गिळला होता. अशा वेळी त्याला जगापुढं कसला चेहरा पाहिजे होता? दात दाखवणारा? छ्या! त्याला खिलाडू, देखणा, पाहुण्यांचं स्वागत करणारा जर्मनी पाहिजे होता. त्या चित्रात चार सुवर्णपदकं घेणारा ओवेन्स अडचण नव्हता, सोय होती. तो नसता तर तुम्ही आम्ही म्हणालो असतो, हा प्रचार आहे. तो आहे म्हणून माझा हुशार दोस्त म्हणतो, प्रचार कुठाय.

दोस्तांनो, हे आपल्याला नवीन आहे का? निवडणूक आली की स्टेजवर आपला एक माणूस बसवतात. हार घालतात, फोटो काढतात. फोटो खोटा नसतो, हारही खऱ्या झेंडूचा असतो. खोटं असतं ते फोटोच्या कडेला कापलेलं. आणि अमेरिकेलाही शहाणी समजू नका. ह्याच ओवेन्सला घरी गेल्यावर न्यूयॉर्कच्या मोठ्या हॉटेलात स्वतःच्याच सत्काराला सामानाच्या लिफ्टनं वर जावं लागलं. त्याचं रीळ कुणी काढलं नाही.

आता कडेला काय कापलं ते सांगतो. ग्रेटेल बर्गमान ही ज्यू पोरगी. खेळाच्या थोडंच आधी तिनं १.६० मीटर उडी मारून जर्मनीच्या विक्रमाशी बरोबरी केली होती. तरी तिला कळवलं, तुझी कामगिरी पुरेशी नाही. उंच उडीचं चित्रण 'ऑलिंपिया'त आहे, बर्गमान नाही. कशी असणार? कॅमेरा आला तोवर तिला मैदानाबाहेर काढलेलं होतं. म्हणजे कात्री बाईच्या हातात यायच्या आधीच कुणीतरी चालवून ठेवलेली असते.

दुसरी गोष्ट वाचली तेव्हा मी कागद खाली ठेवून बाहेर नीरेच्या पुलापर्यंत चालत गेलो. १६ जुलै १९३६, खेळ सुरू व्हायला दोन आठवडे. बर्लिनच्या पोलिसांनी शहरातले रोमा आणि सिंती, म्हणजे ज्यांना लोक जिप्सी म्हणतात, पहाटे उचलले. सहाशेच्या आसपास माणसं, बायापोरांसकट. शहराच्या कडेला मार्त्सान नावाच्या जागी नेऊन टाकली. जागा कशी? एका अंगाला सांडपाण्याची शेतं, दुसऱ्या अंगाला दफनभूमी. पाहुणे येणार, शहर स्वच्छ दिसलं पाहिजे. ह्या लोकांचे पूर्वज हजारएक वर्षांमागं आपल्याच देशातून निघालेले, भाषा आपल्या भाषांच्या नात्यातली. इतकं लांब जाऊनही त्यांच्या वाट्याला घाण आणि मसणवट्याच्या मधलीच जागा आली! आपल्या आज्यांना ती जागा समजावून सांगावी लागणार नाही. पुढं १९४३ मध्ये मार्त्सानची बहुतेक माणसं आउशवित्झला पाठवली. त्याच्या आधी १९४२ मध्ये ह्याच बाईनं दुसऱ्या एका सिनेमासाठी ह्याच मार्त्सानमधून माणसं आणली. स्पॅनिश गावकरी म्हणून, मागं उभं राहायला, पगार न देता. ऑलिंपिकच्या वेळी ज्यांना कडेला कापलं त्यांना नंतर फुकटात चौकटीत घेतलं.

आता आपल्याकडे. पळवणकर बाळू, चांभाराचं पोर, आपल्या देशातला पहिला मोठा फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराच्या वर बळी घेतले. त्याआधी पुण्यात हिंदूंच्या संघात खेळायचे तेव्हा चेंडू त्यांच्या हातचा चालायचा, पण चहा तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. त्यांच्यावर माहितीपट त्या काळात कोण काढणार होतं? तरी त्यांच्या नावाचा वापर झालाच. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभं करायला कुणाला शोधलं? बाळूंना. ज्या बाळूंचं बाबासाहेबांना कौतुक होतं, त्यांनाच. बाबासाहेब निवडून आले. बाळूंना शिव्या देऊन हा हिशेब मिटत नाही. आपल्या माणसाचा घाम कुणाच्या पोस्टरवर चिकटतो हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, आणि अजून तो कुणी नीट मांडलेला नाही.

एसटीची निमआराम गाडी शिरवळच्या स्टँडवर आली की म्हातारी माणसं म्हणतात, "एशियाड आली." महामंडळानं तिला हिरकणी केलं तरी तोंडातलं नाव जात नाही. ते नाव १९८२ च्या दिल्लीतल्या खेळांचं. रंगीत टीव्ही त्याच वर्षी आला. तेव्हा फिल्म्स डिव्हिजनची रिळं सिनेमाच्या आधी दाखवणं थेटरवाल्यांना सक्तीचं होतं. २०२२ मध्ये ते खातंच दुसऱ्या सरकारी महामंडळात विलीन झालं. माझ्या बापानं जत्रेतल्या तंबूत एशियाडचं रीळ पाहिलेलं. त्याला हत्तीचं पिल्लू अप्पू आठवतं, आतषबाजी आठवते, इंदिराबाई आठवतात. मी विचारलं, "अण्णा, स्टेडियम बांधणारे आठवतात का?" तो म्हणाला, "ते कुठं दाखवतेत?"

ते कुठं आहेत सांगतो. सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहेत. १८ सप्टेंबर १९८२, खेळाच्या दोन महिने आधी. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसातून आणलेले मजूर. दिवसाची मजुरी ९ रुपये २५ पैसे. त्यातला रुपया मुकादम कापायचा, हातात ८ रुपये २५ पैसे. कोर्ट म्हणालं, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारी, कलम २३ चा भंग. कलम २३ ज्या संविधानात आहे त्याचा मसुदा कुणी केला हे तुम्हाला सांगायला नको. मला विचाराल तर एशियाडचा खरा माहितीपट तो निकाल आहे. त्यात संगीत नाही, हत्ती नाही. मजुरी आहे, मुकादम आहे, चौदाच्या आतली पोरं आहेत.

शेवटी माझं स्वतःचं. आमच्या गिरणीनं मागल्या साली क्रीडादिन केला आणि त्याची फिल्म काढली. कबड्डीत माझी चढाई आहे, दहा सेकंद, सावकाश केलेली, मागं ढोलताशा. तिघांना मारून परत येतो. छाती फुगलेली, घाम चमकतोय, च्यायला, मी पण त्या बर्लिनच्या पुतळ्यासारखा दिसतो. माल घेणारे बाहेरचे लोक तपासायला आले तेव्हा ती फिल्म त्यांना दाखवली. त्या दिवशी ठेकेदाराच्या पोरांना सुट्टी दिलेली. त्यांचा तीन महिन्यांचा ओव्हरटाईम थकलेला होता. मला दहा सेकंद मिळाले, त्यांना सुट्टी.

मी तेव्हा काही बोललो नाही. फिल्ममध्ये आपण चांगले दिसतो, हे कारण होतं. लिहायला लाज वाटते, पण तेच होतं.

आई तो व्हिडिओ आल्यागेल्याला दाखवते. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

येत्या रविवारी विहारात 'ऑलिंपिया'चा पहिला भाग पुन्हा लावतोय. ह्या वेळी आवाज बंद ठेवणार आहोत. संध्याकाळी सातला या, पहिल्या पाळीवाल्यांनी जेवून या.