एका अक्षराने चुकलेली वाट

एरान कोलिरिन यांचा ‘बिकूर हातिझमोरेत’ २००७ साली आला, तेव्हा पुष्कळांनी त्याला अरब-ज्यू सलोख्याचा चित्रपट ठरवून टाकले. पुढे न्यूयॉर्कला त्याचे संगीत नाटक झाले, २०१८ साली त्यास दहा टोनी पारितोषिके मिळाली आणि तो समज पक्का झाला. आम्ही चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिला. आमच्या मते सलोखा त्यात थोडाच आहे. भाषा न कळणारा परका माणूस एका रात्रीपुरता घरात घ्यावा लागला तर काय होते, एवढेच त्यात आहे, आणि ते खरे आहे.

अलेक्झांड्रियाच्या पोलीस वाद्यवृंदाचे आठ वादक पेताह तिकवाला कार्यक्रमासाठी येतात. अरबीत ‘प’ नाही, त्याचा ‘ब’ होतो; म्हणून बस त्यांना नेगेवमधल्या ‘बेत हातिकवा’ या कल्पित गावी सोडते. आशेचे द्वार शोधत निघाले, ते आशेच्या घरी पोहोचले! परतीची बस सकाळी. खानावळ चालवणारी दीना त्यांना जेवू घालते आणि त्यांची वाटणी करते: काही तिच्या घरी, काही इत्झिककडे, उरलेले खानावळीतच.

इत्झिकच्या घरचे जेवण आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. त्याला काम नाही, नवरा-बायकोत धुसफूस, त्यात तिचा वाढदिवस, आणि टेबलाशी गणवेशातले परके. हिब्रू येत नसले तरी कपाळावरची आठी पाहुण्यांना कळते. चित्रपटात एके ठिकाणी भिंतीवरच्या रणगाड्याच्या फोटोवर एक वादक गुपचूप आपली टोपी अडकवतो. तरीही ताट वाढले जाते. आपल्यापैकी जे दिमोना, येरुहामला प्रथम उतरले, त्यांस हे ओळखीचे वाटेल. शेजारीण मोरोक्कोची, तिची अरबी आपल्याला येईना, आपली मराठी तिला. वाटीभर तेल मागितले तर हातवारे करून करून दमायचे. ती कुरकुरत द्यायची, पण द्यायची. हसतमुख यजमान दाखवणारे चित्रपट म्हणूनच आम्हांस खोटे वाटतात.

दोन्हीकडची माणसे मोडके इंग्रजी बोलतात, काठी टेकत चालावे तसे. तर्खडकरांचे भाषांतर घोकलेल्या आम्ही तरी व्याकरणात एकासही पास केले नसते. पण निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीत, म्हणून ऑस्करच्या परभाषा विभागाने चित्रपट नाकारला, हे मात्र अन्यायाचे. ते इंग्रजी तिथे कोणाचेच नाही.

आणि जिथे तेही नाही, तिथे चित्रपट सर्वांत चांगला आहे. पापी (हो, त्या बापड्याचे नाव तसेच आहे) मुलीशी बोलायला घाबरतो. ती शेजारी बसून रडते आहे. वादक खालेद त्याच्या दुसऱ्या बाजूला बसून, एक शब्द न बोलता, आधी काय करावे, मग काय, हे स्वतः करून दाखवतो. चांगला शिक्षक असाच शिकवतो.

दीना तौफिकला शुक्रवार दुपारच्या टीव्हीवरील अरबी चित्रपटांविषयी सांगते, ओमार शरीफ आणि फातेन हमामा यांच्याविषयी. आपल्या कित्येक आयांनी शाब्बाथचा स्वयंपाक उरकता उरकता तेच चित्रपट पाहिले, अक्षर न कळता डोळे पुसले. रोनित एल्काबेत्झ आज हयात नाहीत. दीनाचा रुक्षपणा आणि माया त्यांनी एकाच आवाजात आणली आहे. तौफिक झालेले सासोन गबाय जन्माने बगदादचे. त्यांचा ताठ कणा पाहण्यासारखा.

एक तक्रार आहे. चित्रण येरुहामला झाले. तिथे आपली भारतीय कुटुंबे कित्येक वर्षे राहत आहेत, पण पडद्यावर आम्हांस एकही भारतीय चेहरा दिसला नाही. गाव ओसाड दाखवण्यासाठी गावची माणसेच कमी करावीत, हे बरे नव्हे.

सकाळी तौफिक हात किंचित उचलून निरोप घेतो. मिठ्या नाहीत, भाषणे नाहीत.

चित्रपट दीड तासाहूनही लहान आहे. खालची हिब्रू अक्षरे वाचवत नसतील त्यांनी नातवंडास शेजारी बसवावे. दीना आणि खालेद यांचा रात्रीचा एक प्रसंग आहे, आमच्या मते अनावश्यक. तेवढ्यापुरते त्यास चहा करायला धाडावे.